रेघेच्या पलीकडे कोण गेलं? (वाचकांचे प्रश्न : कंपनीचा आरोग्यविमा)

गेल्या अंकात कंपनीच्या मेडिक्लेमबद्दल दोन पानं लिहिली आणि पत्रांचा ढीग झाला. या वेळी कामगारांपेक्षा मालकांची पत्रं जास्त आली, याचं मला बरं वाटलं. भोसरीतल्या एका कारखान्यात मी ३१ वर्षं कार्मिक विभागात काढली. विम्याचा हप्ता वाढला की मालकाच्या केबिनमध्ये काय चर्चा होते ते मी ऐकलं आहे आणि ती चर्चा संपल्यावर शॉपवर, म्हणजे मशिनींपाशी, काय होतं तेही पाहिलं आहे. पाच पत्रांना इथे उत्तर देते. पहिल्याला जागा जास्त लागेल.

पहिलं पत्र : ताई, सप्रेम नमस्कार. शिरोली एमआयडीसीत माझं मशीन शॉप आहे. ३८ माणसं आहेत. २२ जणांची ईएसआय (सरकारी कामगार विमा) भरतो. वरच्या पगाराच्या १६ जणांसाठी ६ वर्षांपूर्वी गट मेडिक्लेम घेतला. त्यात नवरा-बायको, दोन मुलं आणि आई-वडील आहेत, कव्हर ३ लाखांचं. गेल्या वर्षी जीएसटी सोडून हप्ता ३ लाख १० हजार होता. क्लेम झाले ४ लाख २५ हजारांचे. त्यात एकाच्या वडिलांची बायपास आणि एकाच्या आईचं गुडघ्याचं ऑपरेशन. आता रिन्यूअलला ४ लाख ९० हजार अधिक जीएसटी मागतात. एजंट म्हणतो, आई-वडील काढा किंवा खोलीभाड्याला १ टक्क्याची मर्यादा घाला, हप्ता खाली येईल. माणसं दुखवायची नाहीत, पण ऑर्डरीही कमी झाल्या आहेत. काय करू? (एक लघुउद्योजक, कोल्हापूर)

भाऊ, आधी आकडा पुरता मांडू. ४ लाख ९० हजारांवर १८ टक्के जीएसटी म्हणजे ८८,२०० रुपये. एकूण ५ लाख ७८ हजार २००. माणशी ३६ हजारांच्या वर. लहान कारखान्याला हे ओझं खरंच मोठं आहे आणि ते जड जातंय म्हणण्यात काही चूक नाही.

गट पॉलिसी हा एका वर्षाचा करार असतो. विमा कंपनी गेल्या वर्षीचा हिशोब समोर ठेवून पुढचा दर काढते. तुमच्याकडे १०० रुपये हप्त्यामागे १३७ रुपयांचे क्लेम झाले, म्हणून दर चढला. पण १६ कुटुंबांच्या गटात एक बायपास आणि एक गुडघा यांनीच सगळा हिशोब फिरतो. वडिलांची बायपास झाली म्हणून ती पुढच्या वर्षी पुन्हा होणार असं नाही. म्हणून टीपीएकडून (विमा कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणारी संस्था) सहाही वर्षांचा क्लेमचा तक्ता मागवा. त्यात रक्कम, वय आणि नातं एवढंच हवं. कोणाचा क्लेम, कोणता आजार, हे मालकाच्या टेबलावर यायला नको. सहा वर्षांत भरलेला एकूण हप्ता आणि आलेले एकूण क्लेम शेजारी शेजारी ठेवा आणि तो कागद घेऊन आणखी तीन कंपन्यांकडून कोटेशन मागा. एजंट एका वर्षाचा आकडा दाखवतो, तुम्ही सहा वर्षांचा दाखवा. एवढ्यावर आकडा थोडा तरी खाली येतो, हा माझा अनुभव आहे.

आता खोलीभाड्याची मर्यादा. कागदावर ही सगळ्यात निरुपद्रवी दिसते आणि माणसाला सगळ्यात जास्त तीच बुडवते. ३ लाखांचा १ टक्का म्हणजे दिवसाला ३,००० रुपये. तुमच्या सुपरवायझरच्या बायकोला रात्री दाखल केलं, जनरल वॉर्ड भरलेला, ४,५०० ची खोली मिळाली. त्याला वाटतं, रोजचे दीड हजार माझे, पाच दिवसांचे साडेसात हजार, देऊन टाकू. पण डिस्चार्जच्या दिवशी काउंटरवर वेगळंच कळतं. खोलीभाडं दीडपट झालं, म्हणून डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग या सगळ्या खर्चातला दोन तृतीयांश भागच कंपनी देते. तो खर्च १ लाख असेल तर ३३ हजार खिशातून जातात, साडेसात हजार वेगळे. औषधं, इम्प्लांट आणि तपासण्या या कापाकापीतून विमा नियामकाने २०२० मध्ये बाहेर काढल्या, एवढाच दिलासा. ही मर्यादा घालणारच असाल तर हेच गणित फळ्यावर लिहून सगळ्यांना समजावा. न समजावता घातलीत तर तुम्ही हप्त्यात वाचवलेले पैसे त्या एका घरातून वसूल होतील, आणि तेही ज्या दिवशी त्या घरात आजारी माणूस आहे त्या दिवशी.

आई-वडील काढण्याबद्दल मला माझीच एक गोष्ट सांगावी लागेल. २००९ च्या मंदीत आमच्याकडेही हेच ठरलं. पॉलिसी ३१ मार्चला संपत होती. आई-वडील वगळल्याची नोटीस मी टाइप केली, मीच सही केली आणि २८ मार्चला, शनिवारी, गेटजवळच्या बोर्डावर लावली. सोमवारी एक टर्नर माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. त्याच्या आईला डायलिसिस सुरू व्हायचं होतं, हातावर फिस्टुला करायचं ऑपरेशन ठरलं होतं, तारीख एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यातली. तो चिडला नाही. एवढंच म्हणाला, "मॅडम, पंधरा दिवस आधी सांगितलं असतं तर मार्चमध्येच उरकून घेतलं असतं." पुढे त्याने कामगार पतसंस्थेतून कर्ज काढलं. हप्ता कापला जायचा तो पगारपत्रकात माझ्याच हाताखालून जायचा. निर्णय मालकांचा होता, पण ते पंधरा दिवस माझ्या हातात होते. ठरलं होतं ११ तारखेला आणि नोटीस मी २८ ला लावली. आजही मार्च आला की मला तो बोर्ड आठवतो.

म्हणून भाऊ, काहीही ठरवलंत तरी रिन्यूअलच्या आधी दीड महिना माणसांना सांगा. बोर्डावर कागद लावून नाही, समोर बसवून.

माझं मत विचाराल तर आई-वडील काढू नका, त्यांची पॉलिसी वेगळी करा. कुटुंबाची पॉलिसी तुम्ही पूर्ण भरा. आई-वडिलांच्या पॉलिसीचा निम्मा हप्ता तुम्ही आणि निम्मा कामगार, तोही १२ महिन्यांत पगारातून. त्या पॉलिसीत १० टक्के को-पे घाला, म्हणजे बिलाच्या दहा रुपयांत एक रुपया घरच्यांचा. यात एक धोका आहे. "हवं त्याने घ्या" असं म्हणालात आणि पूर्ण हप्ता कामगारावर टाकलात, तर ज्यांचे आई-वडील आजारी आहेत तेवढेच घेतील. पुढच्या वर्षी त्या छोट्या गटाचा क्लेम इतका चढेल की कंपनी एकतर नकार देईल किंवा न परवडणारा दर सांगेल. तुमचा निम्मा वाटा असला की धडधाकट आई-वडिलांची मुलंही त्यात राहतात. ती राहिली तरच गट टिकतो. एका युनिटमध्ये हे असंच मोडताना मी पाहिलं आहे, दोन वर्षांत २६ कुटुंबांची ५ झाली.

ज्यांचे आई-वडील सत्तरीच्या पुढचे आहेत त्यांची यादी करा आणि त्यांचं आयुष्मान कार्ड काढून द्या. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असलं तरी, वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार त्यात आहेत. घरात दोघं सत्तरीचे असले तर ते ५ लाख दोघांत मिळून. कोल्हापुरातली कोणती रुग्णालयं त्या यादीत आहेत ते आधीच पाहून ठेवा, कारण दारात स्ट्रेचर आल्यावर यादी बघायला वेळ नसतो. आधार कार्ड घेऊन एखादा मुलगा ऑफिसात दिवसभर बसवलात तर सगळ्यांची कार्डं होतील. यात तुमचा एक रुपयाही जात नाही.

दुसरं पत्र : माझे यजमान सातपूरला ऑपरेटर आहेत. पगार २०,५०० होता, १ ऑक्टोबरपासून २१,५०० झाला. आम्ही पेढे वाटले. फेब्रुवारीत धाकट्याचा दमा वाढला, दाखल करायची वेळ आली, तेव्हा ऑफिसातून सांगितलं की पगार वाढल्यामुळे तुमची ईएसआय बंद झाली. खासगी दवाखान्यात १९ हजार गेले. ताई, हे बरोबर आहे का? (एक गृहिणी, नाशिक)

नाही, बरोबर नाही. तुमच्या यजमानांना चुकीचं सांगितलं गेलं. आधी तेवढं नीट वाचून घ्या, कारण यात अजून तुमच्या हक्काचे दिवस उरले आहेत.

ईएसआयची वर्गणी सहा-सहा महिन्यांच्या दोन तुकड्यांत मोजतात, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. ज्या तुकड्यात वर्गणी भरली त्याचा लाभ पुढे मिळतो. एप्रिल ते सप्टेंबरच्या वर्गणीचा लाभ जानेवारी ते जून. तुमच्या यजमानांची वर्गणी सप्टेंबरअखेरपर्यंत भरली गेली आहे. त्या सहा महिन्यांत निदान ७८ दिवसांची वर्गणी असेल, आणि रोज कामावर जाणाऱ्या माणसाची असतेच, तर ३० जूनपर्यंत तुमच्या घराला वैद्यकीय लाभ आहे. ईएसआयचं पेहचान कार्ड आणि वर्गणीचा उतारा घेऊन ईएसआयच्या शाखा कार्यालयात जा. १९ हजारांची बिलंही सोबत न्या आणि अर्ज देऊन पोच घ्या. ते पैसे मिळतीलच असं मी सांगत नाही, कारण तुम्ही आधी त्यांच्या दवाखान्यात गेला नव्हता. पण चूक कोणाची झाली हे कागदावर आलं पाहिजे. धाकट्याचं इनहेलर आणि पुढची तपासणी जूनपर्यंत तिथूनच घ्या.

आता त्या हजार रुपयांचं बोलू. २०,५०० पगारावर मालक सव्वातीन टक्के भरत होते, म्हणजे ६६६ रुपये. यजमानांच्या पगारातून पाऊण टक्का जायचा, १५४ रुपये. रेघ २१ हजारांची आहे. पगार त्यापुढे गेला की दोन्ही थांबतं. मालकांनी हजार वाढवले आणि ६६६ वाचवले, म्हणजे त्यांना ही वाढ ३३४ रुपयांना पडली. तुमच्या घरात १,१५४ जास्त आले (प्रॉव्हिडंट फंड सोडून). गेलं काय? बायको, मुलं आणि अवलंबून असलेले आई-वडील यांचे उपचार, आणि त्याला ३ लाख, ५ लाख अशी कमाल मर्यादा नाही. यजमान स्वतः आजारी पडून घरी बसले तर वर्षात ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम. कामावरच्या अपघाताने कायमचं अपंगत्व आलं तर पेन्शन. हे सगळं १,१५४ रुपयांत बाजारात विकत मिळत नाही.

तुमच्या मालकांनी मुद्दाम केलं की नाही ते मला माहीत नाही. पण २१ हजारांच्या आसपास पगार असलेल्या माणसांची अशी "वाढ" मी अनेक ठिकाणी पाहिली आहे. दहा माणसं झाली की ईएसआय लागते, तिथे नऊच माणसं हजेरीवर, बाकीची ठेकेदाराच्या नावावर, हेही पाहिलं आहे. आणि कामगार स्वतः येऊन म्हणतात, "मॅडम, ईएसआय नको, तेवढे पैसे हातात द्या", हेही खरं आहे. दवाखान्यात तासन्‌तास बसावं लागतं, औषध मिळत नाही, एक रोज बुडतो, म्हणून ते तसं म्हणतात. त्यांच्यावर मी रागावू शकत नाही. पण मोठा आजार आला की तीच माणसं विचारायला यायची, "आता परत सुरू करता येईल का?"

ही योजना सहज मिळालेली नाही. प्रा. बी. पी. आडारकर यांनी १९४४ साली कामगारांच्या आरोग्यविम्याचा अहवाल दिला, १९४८ मध्ये कायदा झाला आणि फेब्रुवारी १९५२ मध्ये कानपूर आणि दिल्लीपासून सुरुवात झाली. कल्पना साधी होती. सगळे थोडं थोडं भरतील, जो पडेल त्याला उचलतील. जुलै २०१९ मध्ये मालकांचा वाटा पावणेपाच टक्क्यांवरून सव्वातीन टक्क्यांवर आणला. मालकांचं ओझं हलकं झालं. पण २१ हजारांची रेघ जानेवारी २०१७ मध्ये आखली गेली, आणि तेव्हापासून पगार मात्र वाढत गेले. रेघ जागची हलत नाही आणि माणसं दर वर्षी तिच्यापलीकडे ढकलली जातात, याची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते.

एक आशा आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यात "वेतन" या शब्दाची व्याख्या बदलली आहे. घरभाडं, प्रवासभत्ता असे काही भत्ते वेतनात धरत नाहीत, मात्र ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यापेक्षा जास्त झाले तर जास्तीचा भाग वेतनात धरतात. यजमानांच्या २१,५०० मध्ये घरभाडं वेगळं दाखवलं असेल तर नव्या मोजणीत त्यांचं वेतन २१ हजारांच्या आत येऊ शकतं. पे-स्लिप घेऊन ऑफिसात जायला सांगा आणि "नव्या व्याख्येप्रमाणे माझं वेतन किती?" हे लेखी विचारायला सांगा. तोंडी विचारलं की तोंडीच उत्तर मिळतं आणि ते फेब्रुवारीत कसं निघालं ते तुम्ही पाहिलंत. रेशनकार्ड असेल तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेचं कार्डही काढून ठेवा. जुलै २०२४ पासून ती योजना राज्यातल्या सगळ्या रेशनकार्डधारकांना आहे, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत.

तिसरं पत्र : ठाण्यात माझं आर्किटेक्टचं ऑफिस आहे, नऊ माणसं. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य पॉलिसीवरचा जीएसटी काढून टाकला, गट पॉलिसीवर मात्र १८ टक्के तसाच आहे. मग गट पॉलिसी बंद करून प्रत्येकाला वर्षाला १५ हजार रोख दिले आणि "तुमची तुम्ही घ्या" म्हटलं तर दोघांचाही फायदा नाही का? (एक व्यावसायिक, ठाणे)

तुमचं गणित मी दोनदा करून पाहिलं. करापुरतं ते बरोबर आहे. गट पॉलिसीवर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट तुम्हाला सहसा मिळत नाही, कायद्याने विमा बंधनकारक असेल तरच मिळतं. म्हणजे १८ टक्के खरोखर तुमच्या खिशातून जातात आणि तुमची तक्रार रास्त आहे. सरकारने गटालाही सूट द्यायला हवी होती असं मला ठामपणे वाटतं, कारण लहान मालक आपणहून विमा घेतात ते इथेच.

पण नऊ जणांची नावं कागदावर लिहा आणि प्रत्येकापुढे विचार करा. समजा, २६ वर्षांची ड्राफ्ट्समन मुलगी १५ हजारांत छान पॉलिसी घेईल. ४७ वर्षांचे, मधुमेह आणि रक्तदाब असलेले तुमचे साइट सुपरवायझर काय करतील? गट पॉलिसीत सहसा जुना आजार पहिल्या दिवसापासून धरतात. वैयक्तिक पॉलिसीत तोच आजार तीन वर्षांपर्यंत बाहेर ठेवता येतो. (आधी चार वर्षं होती, एप्रिल २०२४ पासून तीन केली.) कंपनी जादा हप्ता लावू शकते, नकारही देऊ शकते. १५ हजार सगळ्यांना सारखे दिलेत तरी विमा सगळ्यांना सारखा मिळत नाही. शिवाय तुम्ही भरलेला गट विम्याचा हप्ता कर्मचाऱ्याचं उत्पन्न धरत नाहीत, रोख दिलेत तर तो पगार झाला, त्यावर त्याला कर. आरोग्यविम्याच्या हप्त्यावरची करवजावट जुन्या करपद्धतीतच मिळते. आणि मुलांची फी भरायचा महिना आला की त्या १५ हजारांचं काय होतं ते तुम्हालाही माहीत आहे.

गट पॉलिसी चालू ठेवा, हवं तर कव्हर कमी करून ३ लाखांवर आणा. आणि ज्यांना जमेल त्यांना जीएसटी नसलेली सुपर टॉप-अप वैयक्तिक घ्यायला सांगा. ३ लाखांच्या वरचं बिल ती उचलते आणि तिचा हप्ता त्या मानाने बराच कमी असतो. मधुमेहवाल्या सुपरवायझरना टॉप-अप मिळायला त्रास होईल, पण पायाखालचे ३ लाख तरी जाणार नाहीत.

चौथं पत्र : न्यू जर्सीत एडिसनला माझी दोन किराणा दुकानं आहेत, ४७ माणसं. अकाउंटंट म्हणतो ५० च्या वर जाऊ नका, विमा द्यावा लागेल, नाहीतर काहींचे तास आठवड्याला २९ वर आणा. तुमच्या सदरात अमेरिकेचा प्रश्न चालेल का? (एक वाचक, एडिसन)

चालेल. माझी भाची तिथे याच कामात आहे, तिला विचारून लिहिते.

तुमच्या अकाउंटंटने दोन गोष्टी एकत्र केल्या आहेत. तिथल्या २०१० च्या आरोग्यविमा कायद्याने ५० पूर्णवेळ माणसांची रेघ आखली, आणि आठवड्याला ३० तास म्हणजे पूर्णवेळ. पण ५० मोजताना अर्धवेळ माणसांचे तासही धरतात. त्यांचे महिन्याचे एकूण तास मोजून १२० ने भागतात. म्हणजे तीस तासांच्या माणसाला २९ वर आणलंत तरी मोजणीत तो जवळजवळ पूर्ण माणूसच राहतो. रेघेच्या आत राहायला याचा तुम्हाला काहीच फायदा नाही, आणि त्या माणसाचा एक तासाचा पगार मात्र गेला. हे आजच अकाउंटंटला विचारा.

वरच्या ठाण्याच्या पत्राचा आणि तुमचा संबंध आहे, म्हणून दोन्ही एकत्र छापायला सांगितली. तुमच्याकडे २०१४ पासून विमा कंपनी जुना आजार बघून नकार देऊ शकत नाही आणि आजारामुळे जादा हप्ताही लावू शकत नाही. २०२० पासून मालक करमुक्त रक्कम ठरवून देऊ शकतो आणि कामगार त्यातून स्वतःची पॉलिसी घेतो. ठाण्याच्या भाऊंना सुचलेली गोष्ट तुमच्याकडे खरोखर करता येते, कारण तिथल्या कायद्याने आजारी माणसासाठी दार उघडं ठेवलं आहे. तुम्हाला अजून विमा देणं बंधनकारक नाही. तरीही ४७ माणसांसाठी हा मार्ग एकदा तपासून पाहा. पन्नासावा माणूस नेमायला मग तुम्ही घाबरणार नाही.

पाचवं पत्र : हिंजवडीत आयटीत आहे. पुढच्या महिन्याच्या १५ तारखेला शेवटचा दिवस असं सांगितलं आहे. बायको सहा महिन्यांची गरोदर. कंपनीचा विमा त्याच दिवशी संपतो म्हणतात. (वाचक, पुणे)

दादा, आज ही ओळ वाचून झाली की लगेच एक मेल लिहा, एचआरला आणि विमा कंपनीला, दोघांना एकत्र. गट पॉलिसीतल्या सदस्याला त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक किंवा कुटुंब पॉलिसीत जाण्याचा हक्क आहे, आणि गटात काढलेली वर्षं जुन्या आजाराच्या प्रतीक्षेतून वजा होतात. हे नोकरी चालू असतानाच करायचं, १५ तारखेनंतर नाही. नव्या पॉलिसीत बाळंतपण मिळेल असं धरून चालू नका, त्याला बहुतेक ठिकाणी वेगळी आणि लांब प्रतीक्षा असते. पण बाळ जन्मल्यावर त्याला किती दिवसांत आणि कोणत्या अटीवर पॉलिसीत घेतील ते त्याच मेलमध्ये लेखी विचारा.

एचआरला आणखी एक विचारा. नोटीस पे देणार असाल तर त्याऐवजी मला प्रसूतीपर्यंत, म्हणजे तीन-साडेतीन महिने, बिनपगारी हजेरीवर ठेवाल का, म्हणजे विमा चालू राहील? बिनपगारी माणूस त्यांच्या पॉलिसीत बसतो का, तेही विमा कंपनीकडून लिहून घ्या. मी कार्मिक विभागात असताना एका मुलीसाठी असं केलं होतं. मालकांनी पाच मिनिटांत हो म्हटलं, कारण त्यांना तोवर कोणी विचारलंच नव्हतं. बायकोच्या सोनोग्राफीची सगळी बिलं आणि डॉक्टरांची चिठ्ठी या आठवड्यात एका फाइलला लावा. तुम्हाला काय उत्तर आलं ते मला कळवा, पुढच्या अंकाच्या आधी कळवलंत तर आणखी सांगता येईल.